एल मार्शे

शाळूच्या कणसात दाणा भरला की रानातून एक कच्चा, गोडसर वास येतो. दुधाचा म्हणावा तर दुधाचा नाही, गवताचा म्हणावा तर गवताचाही नाही. आता मी थोरल्या लेकाकडे बीडला राहते. शेत लांब राहिलं. तरी माघ लागला की कुणीतरी गावाकडून टोपलंभर कणसं घेऊन येतं आणि तो वास घरभर होतो. अंगणात आगटी पेटते, नातवंडं गरम दाणे तळहातावर घेऊन फुंकत बसतात. मीही त्यांच्यात बसते, दोन दाणे तोंडात टाकते, आणि मग कोण काय बोलतंय याकडे माझं लक्ष राहत नाही. मी माळ्यावर जाऊन बसलेली असते.

माळा म्हणजे पाखरं राखायला उभ्या पिकात बाभळीच्या मेढींवर बांधलेलं मचाण. त्यावर बसलं की खाली नुसती कणसं. वारा आला की सगळं रान एका अंगाला कलायचं आणि पुन्हा सावरायचं. त्या एका हंगामात मी तिथं बसून परकी भाषा शिकले. सगळी नाही. एका क्रियापदाचा एक काळ, तेवढाच. तो मला अजून पाठ आहे.

आमचं गाव तेलगावच्या अलीकडं, काळ्या रानाचं. दक्षिणेला बालाघाटाची निळसर रेघ. राज्य निजामाचं, पण लढाई इंग्रजांची होती आणि ती कुठल्या कुठं चालली होती. आमच्याकडं तिची खबर यायची ती धान्याच्या भावातून आणि बाजारातल्या गप्पांतून. आमचे हे त्या लढाईवर गेले ते जनावरांमुळे. कितीही मारका बैल यांच्या हाताखाली आला की शहाणा होई. शेजारच्या गावचा एकजण नगरला जाऊन फौजेत लागला होता. तो रुखसतीवर, म्हणजे सुटीवर आला तेव्हा म्हणाला, की फौजेला बंदूकवाल्यांइतकीच खेचरं हाकणारी माणसं पाहिजेत. काही दिवसांनी, एका सकाळी, हे सासऱ्यांच्या पाया पडून निघाले. मला दिवस गेलेत हे तेव्हा माझं मलाच नीट उमगलं नव्हतं.

ठकू उन्हाळ्यात झाली. सावळी, कपाळ मोठं, डोळे यांचे. पुढच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तापाची साथ आली आणि घरोघर माणसं आडवी झाली. मीही आडवी होते, शुद्ध नव्हती. शुद्धीवर आले तेव्हा घर फार शांत होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात बसून होत्या. त्यांनी मला पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि मग सांगितलं, की गेली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता तिचं नाव काढायचं न्हाई. नाव काढलं की लेकरू वाटंतच घुटमळतं." तिचं अंगडं, टोपडं, पायातला वाळा, सगळं त्यांनी कुठं ठेवलं की कुणाला देऊन टाकलं, मी विचारलं नाही. तिला कुठं ठेवलं, तेही विचारलं नाही. आत्याबाई कडक होत्या आणि माझ्या अंगात त्राण नव्हतं.

हे परतले ते त्याच्या पुढच्या वर्षी. गावातली माणसं ओट्यावर जमायची. आगबोट केवढी असती, विमान उडतं तरी कसं, तिकडची माणसं काय खातात, असं सगळं विचारायची. हे थोडक्यात सांगायचे. बर्फाबद्दल सांगायचे, खेचरांच्या खुरांत बर्फ कसं साचायचं ते सांगायचे. बायामाणसांत मात्र वेगळीच कुजबुज होती. इतकी वर्षं माणूस गोऱ्यांच्या मुलखात राहिला, एखादी मडम असंलच, असं पाण्यावर माझ्या कानावर येईल अशा बेतानं कुणीतरी बोलायचं. मी घागर उचलून निघून यायची. पण ते बोलणं माझ्यामागून घरापर्यंत यायचं.

ठकूविषयी यांनी मला काही विचारलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही. त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायची रीत नव्हती, हे खरं. पण एकांत मिळाला तरी आम्ही पेरणीचं बोलायचो, म्हशीच्या दुधाचं बोलायचो. दोघांच्या मधे कुणीतरी निजलेलं असावं आणि त्याला जाग येऊ नये म्हणून हळू बोलावं, तसं.

अशात शाळू भरात आला. त्या वर्षी पाखरांचा फार उपद्रव होता. सासऱ्यांनी आम्हा दोघांना राखणीवर घातलं. सकाळी भाकरी, लसणाची चटणी आणि पाण्याचं मडकं घेऊन निघायचं, उन्हं कलली की परत. लग्न झाल्यापासून आम्हाला दिवसाउजेडी एकमेकांच्या शेजारी इतका वेळ कुणी बसू दिलं नव्हतं. पहिले काही दिवस हे गोफण फिरवायचे आणि मी रिकामा डबा वाजवायची. बोलणं असं नव्हतंच.

एके दिवशी बांधावरचे बैल पिकाकडं वळले. हे माळ्यावरून उतरले आणि बैलांकडं जात ओरडले, "आले, आले!" मी डोक्यावरचा पदर सावरला आणि मागं वळून पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. यांनी बैल फिरवले, पुन्हा तेच, "आले, आले!" मी म्हटलं, "कोन आलं वं?" हे माझ्याकडं बघत राहिले. मग हसले. परतल्यापासून मी यांना हसताना पाहिलं नव्हतं. आधी मिशीत हसले, मग खोकला येईपर्यंत हसले. वर येऊन बसल्यावर म्हणाले, की खेचरांना तिकडं असंच म्हणावं लागायचं. आपलं हुर्र-हुर्र त्यांना कळायचं नाही. त्यांच्या भाषेत 'आले' म्हणजे 'चला'.

मला मौज वाटली. तिकडं 'आले' म्हणायचं आणि निघायचं. मी आणखी शब्द विचारले. पाणी, भाकरी, घोडा, पाऊस. हे सांगायचे आणि मी म्हणून दाखवायची. माझे वडील पंतोजी होते. ओसरीवर पोरांना धुळाक्षरं गिरवायला बसवायचे आणि त्यांच्यात मलाही बसवायचे. त्यामुळे शब्दाची गोडी मला लहानपणापासूनची. पण खरं सांगायचं तर एवढीच गोडी नव्हती. पाण्यावरची कुजबुज मनात होती. भाषा काही वाऱ्यानं येत नाही, कुणीतरी शिकवल्याशिवाय येत नाही. एका दुपारी मी विचारलंच, "एवढं शिकवलं कुनी?"

हे म्हणाले, "म्हातारीनं."

मग सांगितलं. त्यांच्या तुकडीला मागच्या बाजूच्या एका खेड्यात उतरवलं होतं. खेचरं एका म्हातारीच्या गोठ्यात आणि हे वरच्या पोटमाळ्यावर, गवतात. घरात करतं असं म्हातारीशिवाय कुणी नव्हतं. तिचा एकुलता एक लेक लढाईच्या सुरुवातीलाच पडला होता. घरात एक नात होती, ती शाळेत जायची. हे सवड मिळेल तेव्हा म्हातारीची गाय धुवून द्यायचे, लाकडं फोडून द्यायचे. म्हातारी बटाटे सोलत यांच्याशी बोलत बसायची. यांना काही कळतंय की नाही याची तिला फिकीर नव्हती. नात त्याच टेबलापाशी शाळेचा धडा घोकायची, आपल्याकडं पोरं पाढे म्हणतात तशी सूर लावून. ते घोकणं यांच्या कानात बसलं. आणि नात जे घोकते तेच म्हातारी बोलते, हे यांच्या हळूहळू ध्यानात आलं.

"म्हातारी सदा लेकाचंच बोलायची," हे म्हणाले. "आन त्याचं बोलताना एकाच चालीवर बोलायची."

ती चाल यांनी मला शिकवली. शब्द घेतला चालण्याचा, कारण फौजेत तोच पहिला कानावर पडलेला. मार्श. आज चालतो आहे त्याचं वेगळं. पण मागं कधीतरी चालायचो, रोज चालायचो, असं सांगायचं झालं तर मूळ तसंच ठेवायचं आणि शेंडा बदलायचा. झ मार्शे, मी चालायचो. त्यु मार्शे, तू चालायचास. इल मार्शे, तो चालायचा. नू मार्शियों, आम्ही चालायचो. वू मार्शिये, तुम्ही चालायचात. इल मार्शे, ते चालायचे. लिहिताना शेंडे निरनिराळे असतात म्हणे, पण ऐकताना बहुतेक सारखेच. आणि एकदा हा शेंडा हाताला लागला की साध्या क्रियापदांना तोच चालतो. पार्ले, बोलायचा. शांते, गायचा. त्राव्हाये, काम करायचा.

मी म्हटलं, हे तर आपल्या 'चालायचा'सारखंच झालं. हे म्हणाले, तसंच, पण यांना ते तिथं गेल्यावर कळलं. पहिल्यांदा म्हातारीच्या लेकाबद्दल बोलताना यांनी दुसरी चाल लावली होती, इल आ मार्शे. म्हणजे तो चालला, झालं, संपलं. म्हातारीनं हातातली सुरी खाली ठेवली आणि मान हलवली. तिनं तो मधला 'आ' काढून टाकून वाक्य पुन्हा म्हटलं आणि यांच्याकडून म्हणवून घेतलं. तिचा लेक शेतातून गात चालायचा. ते तिला संपलेलं म्हणून ऐकायचं नव्हतं.

हे सांगताना यांचा आवाज साधाच होता. पण मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि पाण्यावरची ती मडम माझ्या मनातून उठून गेली. तिच्या जागी एक म्हातारी बटाटे सोलत बसली. आज इतक्या वर्षांनीही ती मला दिसते. तिला मी पाहिलं नाही, तिच्या गावाचं नाव मला घेता येत नाही, आणि माझ्या माहेरच्या कितीतरी बायांपेक्षा ती मला जवळची वाटते.

पुढचे काही दिवस आमचं तेच चाललं. होल्यांचा थवा उतरला की गोफण, थवा उडाला की झ मार्शे, त्यु मार्शे. हे पुढं म्हणायचे, मी मागं. कणसं वाऱ्यावर घासायची, त्यांचा एक सरसर आवाज यायचा. मला वाटतं माझ्या अख्ख्या संसारात मी इतकी सुखी थोड्याच वेळा होते. आणि त्या सुखाच्या आत काहीतरी सारखं टोचत होतं. आपल्याकडं माणूस गेलं की आपण 'गेली' म्हणतो आणि थांबतो. त्या एका शब्दापुढं मी गेलेच नव्हते. ठकू गेली, हे मी मनात कितीदा म्हटलं असेल. ठकू काय करायची, हे एकदाही म्हटलं नव्हतं. कुणी म्हणू दिलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आभाळ आलं होतं, मग निवळलं. मी धडा म्हणत होते. इल मार्शे, तो चालायचा, इथपर्यंत आले आणि थांबले. मी विचारलं, की बाईमाणूस असेल तर? आपल्याकडं चालायचा आणि चालायची असं निराळं होतं, तसं तिकडं काय होतं? हे म्हणाले, की क्रियापदाला काही होत नाही. ते तेच राहतं. फक्त 'इल'च्या जागी 'एल' यायचं.

"एल मार्शे," मी म्हटलं.

"बराबर," हे म्हणाले. ते गोफणीत खडा लावत होते.

"एल मार्शे," मी पुन्हा म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही. यांनी वर पाहिलं.

"कोन?"

"आपली ठकू."

गोफण यांच्या हातातून सुटली आणि खाली कणसांत पडली. ती घ्यायला हे उतरले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, "चालत व्हती?"

तेव्हा मला कळलं, की यांना काहीच माहीत नव्हतं. घरून दोन कार्डं गेली होती. ठकू झाल्याचं कार्ड यांना कधी मिळालंच नाही. ती गेल्याचं तेवढं मिळालं, तेही फिरत फिरत फार उशिरा, तारीख पुसलेलं. त्यात गावच्या शाळेतल्या मास्तरांनी सासऱ्यांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, की तुझी मुलगी वारली, बाकी सर्व खुशाल. हे धरून चालले होते, की बाळंतपणातच काहीतरी झालं. जन्मली आणि गेली. तेव्हापासून हे कपड्यात गुंडाळलेल्या एका नवजात बाळाचं दुःख करत होते, ज्याचं तोंड त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. आणि आता मी त्यांच्यासमोर एक चालणारी मुलगी आणून उभी केली होती.

मी सांगितलं, की चालायची. उंबरा ओलांडताना दोन्ही हात टेकायची आणि ओलांडला की उठून पुन्हा चालायची. हे ऐकत होते. मग त्यांनी एकेक शब्द विचारला, त्याच भाषेत. मराठीत विचारणं त्यांना जमलं नसतं असं मला वाटतं. पार्ले? मी म्हटलं, बोलायची, थोडं. 'माय' म्हणायची, कुत्र्याला 'भू' म्हणायची, आणि म्हशीलाही 'भू'च म्हणायची. शांते? मी म्हटलं, गायची असं नाही, पण जात्यावर ओवी सुरू झाली की मागं आवाज लावायची. त्यांना आणखी एक शब्द विचारायचा होता. तो त्यांच्या ओठांवर आला आणि त्यांनी गिळला. बहुतेक रडण्याचा असावा. मी ते नाही सांगितलं, त्यांनीही नाही विचारलं. मग हे माळ्यावरून उतरले आणि पिकातून वाट काढत ओढ्याच्या बाजूला निघून गेले. पाखरं उतरली. मी डबा वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी हे राखणीला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सासऱ्यांसोबत मोटेवर राहिले. घरी जेवायला बसले की ताट तसंच सरकवून उठायचे. आत्याबाई माझ्याकडं रोखून पाहायच्या. मी एकटी माळ्यावर बसून स्वतःला विचारत होते, की हे काय करून बसले मी. यांच्यापाशी एक लहानसं दुःख होतं, ते निदान हातात मावत होतं. मी त्याला पाय दिले, आवाज दिला. आता ते यांच्यामागं घरभर फिरत असणार.

त्या आठवड्यातली दुपार. मी डोकं दुखतंय म्हणून घरीच होते. आत्याबाई अंगणात सुपानं ज्वारी पाखडत होत्या. हे मोटेवरून मधेच आले, पाय न धुताच अंगणात उभे राहिले. मी आतून बघत होते.

"माय," हे म्हणाले, "ठकूला कुठं ठिवलंय?"

आत्याबाईंचे हात थांबले. त्यांनीच ज्या नावाला घरात बंदी घातली होती, ते नाव अंगणात भर उन्हात उभं होतं. मला वाटलं, आता त्या संतापतील. नाव काढलं की लेकरू घुटमळतं, हे पुन्हा सांगतील. त्यांनी सूप खाली ठेवलं. सुपातले दाणे कडेनं सांडले, तेही गोळा केले नाहीत.

"कावून इचारतोस?" त्या म्हणाल्या.

"मला तिचा बाप व्हायचंय," हे म्हणाले. "मी झालोच न्हाई आजून."

आत्याबाई उठल्या. त्यांनी आत पाहिलं आणि मला नावानं हाक मारली. एरवी त्या मला कधी नावानं हाक मारत नसत. म्हणाल्या, "तू बी चल. तुला तर तवा शुद्ध नव्हती."

त्या पुढं आणि आम्ही मागं. गावाबाहेर पडल्यावर त्या ओढ्याकडं वळल्या. ओढ्याच्या काठानं जायला तीन-चार पायवाटा फुटतात, झुडपंही सगळी सारखीच. पण आत्याबाई कुठं थांबल्या नाहीत, कुठं इकडंतिकडं पाहिलं नाही. एका बोरीच्या बुडाशी नेऊन उभ्या राहिल्या. जनावरानं उकरू नये म्हणून तिथं दगड रचलेले होते. भोवतालचं गवत नुकतंच उपटलेलं होतं, उपटलेल्या जागी माती अजून ओली काळी दिसत होती. मी आत्याबाईंच्या हाताकडं पाहिलं. त्यांनी हात पदराखाली घेतले.

हे खाली बसले. दगडांवर हात ठेवला.  मी त्यांच्या शेजारी बसले. बोरीची पिकली बोरं खाली पडली होती, त्यांचा वास येत होता. ठकूला बोरं आवडायची का, हे मला आठवेना. त्या हंगामात बोरं लागायच्या आधीच ती गेली होती. मला एकदम फार रडू आलं, तापातून उठल्यापासून आलं नव्हतं तसं. आत्याबाईंनी मला गप्प केलं नाही. त्या माझ्यामागं उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्या म्हणाल्या, "लई चालायची. कडंवर घेतलं की पाय झाडायची. खाली सोड म्हनायची."

हे मान वर करून म्हणाले, "आन?"

परतताना आत्याबाई बोलू लागल्या. मी शेतात जायची, दिवसभर पोर त्यांच्यापाशी असायची. त्यामुळे त्यांच्यापाशी जे होतं ते माझ्यापाशी नव्हतं. ती वासराची शेपटी धरून गोठाभर चालायची. रिकाम्या टोपल्यात उतरून बसायची. कुणी शिंकलं की हसायची. दुपारी निजताना त्यांच्या कानाची पाळी धरून निजायची. मी ऐकत होते आणि माझ्याच लेकीची मला नव्यानं ओळख होत होती. हे माझ्या एका अंगाला होते आणि आत्याबाई दुसऱ्या. एकाही वाक्यात 'गेली' आलं नाही. पुढं आम्हाला आणखी लेकरं झाली, त्यांनाही एक थोरली बहीण होती हे ठाऊक असायचं, कारण त्या दिवसापासून घरात तिचं नाव राहिलं.

मारुतीचं देऊळ दिसू लागलं, तिथून आमचं घर हाकेच्या अंतरावर. आत्याबाईंचं अजून बोलून झालं नव्हतं. आम्ही तिघांनीही पावलं हळू केली.